चॉकलेटमध्ये अर्धी बुडवलेली पातळ फ्रेंच बिस्किटं: सगळा मामला पाण्याचा

पातळ बिस्कीट मोडलं की आवाज आला पाहिजे. ते वाकलं, दाताला चिवट लागलं किंवा हातात भुगा होऊन आलं, तर चव कितीही छान असली तरी माझ्या लेखी ते जमलेलं नाही. फ्रेंच पद्धतीची दोन पातळ बिस्किटं मी घरी पुन्हा पुन्हा करते. एक 'लांग द शा', म्हणजे मांजराची जीभ: बोटभर लांब, दोन्ही टोकांना गोल, कडा तांबूस आणि मधला भाग फिकट. दुसरं 'त्वील': बदामाच्या पातळ कापांचं, ओव्हनमधून काढल्या काढल्या लाटण्यावर टाकून कौलाचा बाक दिलेलं. दोन्ही गार झाली की अर्धी डार्क चॉकलेटमध्ये बुडवायची. साहित्य मोजकं, कृती छोटी. तरी ज्यांनी ज्यांनी करून पाहिली, त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच: दुसऱ्या दिवशी मऊ पडली. मिश्रणात पाणी कुठून येतं, ते ओव्हनमध्ये कसं जातं आणि नंतर कुठल्या वाटेने परत शिरतं, एवढं डोक्यात ठेवलं की कृतीतली प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते कळतं. म्हणून आज मी प्रमाण थोडक्यात सांगणार आहे आणि पाण्याबद्दल जास्त बोलणार आहे.

लांग द शाचं प्रमाण पाठ करावं लागत नाही. बटर, पिठीसाखर, अंड्याचा पांढरा भाग आणि मैदा, चारही वजनाने सारखे. मी प्रत्येकी १०० ग्रॅम घेते, शिवाय चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला. तीन मोठ्या अंड्यांचा पांढरा भाग १०० ग्रॅमच्या जवळपास भरतो, पण अंडी लहानमोठी निघतात, तेव्हा ती तोलूनच घ्यावीत. वाटी-चमच्याच्या मापावर इथे माझा अजिबात विश्वास नाही. बटर बिनमिठाचं.

आता हिशोब करू. अंड्याच्या पांढऱ्या भागात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बटरमध्येही असतं, फ्रान्समध्ये बिनमिठाच्या बटरला किमान ८२ टक्के स्निग्धांश लागतो आणि उरलेलं बहुतेक पाणी. मैदा दिसायला कोरडा, पण त्यातही बारा-तेरा टक्के ओलावा असतो. बेरीज केली तर आपल्या ४०० ग्रॅम मिश्रणात पाव भागाहून जास्त पाणी निघतं. एवढं सगळं आठ-दहा मिनिटांत बाहेर काढायचं आहे. जाड बिस्किटात ते होत नाही, कडा करपतात आणि पोटात ओल राहते. पाण्याला बाहेर पडायची वाट जवळ हवी, म्हणून हे बिस्कीट पातळ. मी कधीकधी एका ट्रेचं मिश्रण आधी तोलते आणि भाजून झाल्यावर बिस्किटं पुन्हा वजनकाट्यावर ठेवते. १०० ग्रॅमची ७५ ग्रॅमच्या आसपास उतरली की ती नीट सुकली आहेत असं समजायचं. ८०च्या वर भरली तर ट्रे परत आत, आणखी एखादं मिनिट. रंगावरून अंदाज येतोच, पण काट्यावर एकदा पाहिलं की डोळ्यालाही सवय लागते.

मोडताना येणारा आवाज साखरेमुळे. भाजताना साखर त्या पाण्यात विरघळते, पाणी उडतं, आणि गार होताना साखरेला पुन्हा दाणे धरायला सवड मिळत नाही. ती काचेच्या अवस्थेत घट्ट होते. पांढऱ्या भागातली प्रथिनं तिला सांगाडा देतात, बटर दाताखाली खुसखुशीतपणा आणतं. पिवळा बलक घातला तर बिस्कीट केकच्या अंगाने जातं, मऊ होतं, म्हणून तो इथे नको. आणि हीच साखर हवेतली ओलही भराभर ओढते. उघड्या ताटलीत ठेवलेलं पातळ बिस्कीट पावसाळी हवेत बघता बघता सादळतं. दुसऱ्या दिवशीच्या मऊपणाचं अर्धं कारण इथेच आहे.

मिश्रण करताना बटर मऊ हवं, वितळलेलं नको. बोट दाबलं की खड्डा पडावा, पण बटर चकाकू नये. ते पिठीसाखरेबरोबर फक्त एकजीव होईपर्यंत घोटायचं. केकसाठी फेटतो तसं हलकं करायला गेलं तर हवा भरते आणि बिस्किटं फुगून मग बसतात. पांढरा भाग खोलीच्या तापमानाला आलेलाच घ्यावा. फ्रीजमधला थंडगार ओतला तर बटर गोठून मिश्रण फाटतं. तो थोडा थोडा घालायचा, प्रत्येक वेळी पूर्ण मिसळू द्यायचा. शेवटी चाळलेला मैदा घालून उलथन्याने हलक्या हाताने कालवायचं आणि मैद्याच्या रेघा दिसेनाशा झाल्या की थांबायचं. ओल्या मैद्याला जितकं घोटाल तितकं ग्लुटेन तयार होतं, आणि ग्लुटेनमुळे चिवटपणा येतो.

पायपिंग बॅगेत ८ मिलिमीटरचं साधं गोल नोझल. बेकिंग पेपरवर सहा-सात सेंटिमीटरच्या पट्ट्या ओढायच्या, दोन पट्ट्यांत चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा. ही जागा जास्त वाटते, पण पट्ट्या पसरून दुप्पट रुंद होतात. ओव्हन १८० अंशांवर पूर्ण तापलेला हवा. पंखा चालू असेल तर १७०. छोट्या ओटीजीत मागची बाजू बहुधा जास्त तापते, म्हणून पाच मिनिटांनी ट्रे फिरवायचा. आणि एक सल्ला मनापासून: ओव्हनमध्ये टांगायचा साधा थर्मामीटर घ्या. बटणावरचे अंश आणि आतले अंश यांत २० अंशांचा फरक पडणं काही नवलाचं नाही, आणि इतक्या पातळ बिस्किटाला २० अंश म्हणजे फार झाले.

कड तांबूस झाली आणि मध्य फिकट पिवळा राहिला की काढायचं. ट्रेवर असताना ती मऊच लागतील, घाबरू नका. मिनिटभराने जाळीवर काढून गार होऊ द्या. ट्रेवरच ठेवली तर खालून सुटणारी वाफ तिथेच अडकते आणि बिस्किटाच्या तळाला परत ओल लागते. जाळी हवी ती त्यासाठी.

त्वीलचा स्वभाव वेगळा. १०० ग्रॅम साखर, ६५ ग्रॅम पांढरा भाग, ४० ग्रॅम वितळवलेलं बटर, फक्त ३० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम बदामाचे काप. हे फेटायचं नाही, नुसतं ढवळायचं, म्हणजे काप मोडत नाहीत. मग झाकून फ्रीजमध्ये तासभर, जमलं तर रात्रभर. तेवढ्या वेळात साखर विरघळते, मैदा पाणी पितो आणि मिश्रण पसरताना सरळ वागतं. बटर मी इथे थोडं पुढे नेते: मंद आचेवर वितळवून, तडतड थांबेपर्यंत आणि तळाचे कण तपकिरी होईपर्यंत. तडतडतं ते बटरमधलं पाणी असतं. ते गेलं की आवाज शांत होतो, फेस येतो आणि भाजलेल्या सुक्या मेव्याचा वास सुटतो. चवही वाढते आणि मिश्रणातलं थोडं पाणी ओव्हनच्या आधीच कमी होतं. मात्र पाणी उडाल्यावर बटरचं वजन घटतं, म्हणून ५० ग्रॅमपासून सुरुवात करायची आणि ४० तोलून घ्यायचं.

चमचाभर मिश्रण सिलिकॉन मॅटवर टाकायचं आणि पाण्यात बुडवलेल्या काट्याच्या पाठीने पसरायचं. काप एकमेकांवर चढता कामा नयेत, मध्ये मध्ये मॅट दिसली तरी चालते. काट्याला लागलेल्या थेंबाचं काय, असं कुणी विचारेल. तो ओव्हनमध्ये पहिल्याच मिनिटात उडतो. १७० ते १८० अंशांवर आठ-नऊ मिनिटं. लांग द शाचा मध्य फिकट चालतो, त्वीलचा चालत नाही. ते मध्यापर्यंत सोनेरी व्हायला हवं, नाहीतर बदाम कच्चे लागतात आणि मध्य चिवट राहतो.

आता ओव्हनचं दार उघडल्यापासूनची काही सेकंदं. या बिस्किटातली मला सगळ्यात आवडणारी वेळ ही. गरम त्वील लवचिक असतं, कारण साखर अजून वितळलेली आहे. पॅलेट नाईफ कडेखाली सरकवायची. लगेच चिकटली तर दहा सेकंद थांबायचं, साखर किंचित घट्ट होते आणि कड सुटते. मग एका झटक्यात पूर्ण चकती उचलून आडव्या लाटण्यावर ठेवायची, बदामाची बाजू वर. ती स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना उतरते. वरून तळव्याने अलगद दाबायचं, बोटांनी नको, बोटांचे खळगे उमटतात. मनात पंधरा-वीस मोजेपर्यंत तळव्याला लागणारी चकती नरमची ताठ होत जाते, तो बदल हाताला स्पष्ट कळतो. काढून जाळीवर ठेवायची आणि पुढची उचलायची. म्हणून एका वेळी मी चार किंवा पाचच भाजते. शेवटची ट्रेवरच कडक झाली तर ट्रे मिनिटभर ओव्हनमध्ये सरकवायचा, ती पुन्हा मऊ होते. मोठ्या ट्रेमध्ये डझनभर घालणाऱ्यांची धांदल मी पाहिली आहे. त्यातली निम्मी सपाट राहतात. सपाट त्वीलही चांगलंच लागतं म्हणा, पण बाकदार त्वील डब्यात एकमेकांत बसतात आणि मोडत नाहीत.

चॉकलेटकडे वळण्याआधी बिस्किटं पूर्ण गार हवीत, आतपर्यंत. कोमट बिस्कीट चॉकलेटचं तापमान बिघडवतं आणि त्याची वाफ थराखाली कोंडते. ती एखादा दिवस आधी केली असतील आणि शंका असेल तर १५० अंशांवर तीन-चार मिनिटं ठेवून, पुन्हा गार करून मगच बुडवायची. एकदा चॉकलेट लागलं की ही सोय संपली.

माझी धाकटी जाऊ या वेळी नेहमी शेजारी उभी असते. तिने एकदा विचारलं, "ताई, तुम्ही अर्धंच का बुडवता? पूर्ण बुडवलं तर हवा लागणारच नाही, मग मऊ कसं पडेल?" तिचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. चॉकलेटमध्ये पाणी जेमतेम एखादा टक्का, बाकी कोको, साखर आणि कोको बटर. त्याचा थर बिस्किटाला ओल देत नाही आणि बाहेरची ओल बरीचशी अडवतो. मी तिला म्हटलं, "अगं, पण मग तांबूस कड लागेल का जिभेला?" दोन-तीन मिलिमीटरच्या बिस्किटाला दोन्ही बाजूंनी चॉकलेट चढलं की थर बिस्किटाएवढा होतो आणि आपण चॉकलेटच खातो. अर्धं बुडवलेल्यात एका टोकाला बटर आणि भाजलेली साखर, दुसऱ्या टोकाला कडसर चॉकलेट, आणि मधल्या घासात दोन्ही. आता आमच्यात तोडगा असा की आठवडाभर ठेवायची असतील ती पूर्ण बुडवायची, दोन दिवसांत संपणार असतील ती अर्धी.

चॉकलेट कोणतं? साठ-सत्तर टक्क्यांचं डार्क, आणि घटकांच्या यादीत कोको बटर असलेलं. कंपाउंड म्हणून मिळतं त्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती-चरबी असते. त्याला टेंपरिंग, म्हणजे वितळवलेलं चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन घट्ट करणं, लागत नाही, काम पटकन होतं, पण तोंडात मेणचट थर राहतो आणि इतक्या नाजूक बिस्किटावर तो मला अन्याय वाटतो. कुव्हर्च्युर, म्हणजे जास्त कोको बटर असलेलं चॉकलेट, मिळालं तर उत्तमच. युरोपीय नियमांत कुव्हर्च्युर म्हणवून घ्यायला किमान ३१ टक्के कोको बटर लागतं, त्यामुळे ते पातळ होतं आणि थर पातळ बसतो.

टेंपरिंगला लोक उगाच बिचकतात. कोको बटर गोठताना सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत बसू शकतं. त्यातलं पाचवं आपल्याला हवं: चकचकीत, कटकन मोडणारं, ३४ अंशांच्या आसपास वितळणारं, म्हणजे हातात टिकणारं आणि जिभेवर विरघळणारं. नुसतं वितळवून गोठू दिलं तर भलती रूपं बनतात, चॉकलेट मळकट दिसतं, बोटाला लागतं आणि पुढे त्यावर पांढुरके डाग येतात. मी २०० ग्रॅममधलं १५० ग्रॅम बारीक चिरून ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवते आणि आचेवरून उतरवल्यावर उरलेलं ५० ग्रॅम त्यात घालून ढवळत राहते. हे ५० ग्रॅम म्हणजे विरजण: त्यातले नीट बसलेले स्फटिक बाकीच्यांना तीच घडी लावतात. २८ अंशांपर्यंत उतरू द्यायचं, मग किंचित ऊब देऊन ३१-३२ वर आणायचं आणि तिथेच राखायचं. मिल्क चॉकलेटला काम करताना २९-३० अंश पुरतात, पांढऱ्याला त्याहून एखादा अंश कमी. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. साधारण २० अंशांच्या खोलीत ते चार-पाच मिनिटांत न ओघळता, चमक धरून घट्ट झालं तर झालं. खोली उकाड्याची असेल तर भल्या सकाळी करा, दुपारी हा खटाटोप नको.

आणि इथे पाणी पुन्हा आडवं येतं. डबल बॉयलरची, म्हणजे खालच्या भांड्यातल्या गरम पाण्याची वाफ वरच्या चॉकलेटच्या भांड्यात शिरली, उलथनं ओलसर राहिलं, चार थेंब पडले, तरी चॉकलेट गोळा होऊन बसतं. त्यातली साखर आणि कोकोचे कण त्या थोड्या पाण्याला धरून एकमेकांना चिकटतात. म्हणून खालच्या भांड्यापेक्षा वरचं भांडं मोठं घ्या, पाणी उकळू देऊ नका, किंवा सरळ मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर वीस-वीस सेकंदांनी ढवळत वितळवा. मी आता मायक्रोवेव्हच वापरते. गोळा झालंच तर गरम क्रीम घालून त्याचं गनाश होतं आणि ते केकला चालतं, बिस्किटं बुडवायला नाही. क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि ते रात्रीत बिस्किटात उतरतं. दाट चॉकलेट पातळ करायला कुणी दूध सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. थोडं कोको बटर घाला.

बुडवायचं भांडं अरुंद आणि खोल, पेलाच बरा. बिस्कीट अंगठा आणि दोन बोटांत हलकं धरायचं, तिरकं उतरवायचं, म्हणजे चॉकलेटची रेघ आडवी न येता तिरपी येते, ती सुंदर दिसते. वर काढून मनगटाला दोन-तीन हलके झटके. चॉकलेटवर तरंग उठतात, थर पातळ होत खाली सरकतो आणि टोकाशी थेंब जमतो. तो पेल्याच्या काठावर निपटायचा, पाठीमागची बाजूही काठावरून एकदा ओढून घ्यायची. मग बेकिंग पेपरवर ठेवून लगेच अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवायचं. तळाशी साचलेलं चॉकलेट मागे राहतं आणि बिस्किटाला जाड पाय फुटत नाही. त्वीलच्या कापांमधल्या खाचांत चॉकलेट अडकतं, त्याला झटके जरा जास्त. तीन-चार मिनिटांत ओली चकाकी कडेपासून आत आत मंदावत जाते आणि एक मऊशी झळाळी उरते. पेपर उचलल्यावर बिस्कीट आपोआप सुटलं तर टेंपरिंग नीट झालं म्हणून समजा.

घट्ट करायला फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच दव धरतं, ते चॉकलेटवरची साखर विरघळवतं, आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर राहतो. त्याच पाण्याने उघडी अर्धी बाजूही मऊ होते. घट्ट झाकणाचा डबा, थरांमध्ये बेकिंग पेपर, कोपऱ्यात खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी, डबा थंड आणि अंधाऱ्या कपाटात. लांग द शा आणि त्वील वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, बदामाचा वास लगेच पसरतो.

उरलेलं चॉकलेट पेपरवर ओतून घट्ट करून ठेवावं, पुढच्या वेळी पुन्हा टेंपर होतं. उरलेल्या बलकांचं मी क्रेम आंग्लेझ, म्हणजे पातळ कस्टर्ड, करते: तीन बलक, ५० ग्रॅम साखर, पाव लिटर गरम दूध, मंद आचेवर सतत ढवळत ८२-८३ अंशांपर्यंत, त्याच्या वर गेलं की बलक फुटतो. गाळून गार करायचं आणि चॉकलेट न लावलेली चार बिस्किटं शेजारी ठेवायची. त्यात बुडवलेलं बिस्कीट मात्र तोंडापर्यंत लगेच न्यायचं.